अकरावीत गणित घ्यायचं का, आणि घेतलं तर कोणतं?

दहावीपर्यंत गणित हवं की नको हे कुणी विचारत नाही. अकरावीच्या प्रवेशाला टेबलापाशी उभं राहिलं की मात्र एकदम प्रश्न येतो, "पीसीएम, पीसीबी की पीसीएमबी?" (पी म्हणजे भौतिकशास्त्र, सी रसायनशास्त्र, एम गणित, बी जीवशास्त्र.) कॉमर्सला असाल तर, "मॅथ्स की एसपी?" (एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, गणिताऐवजी घ्यायचा विषय.) मागे रांग असते, समोरच्या क्लार्कला जेवायला जायचं असतं, आणि पोरं शेजारच्या मैत्रिणीच्या फॉर्मकडे बघून खूण करून मोकळी होतात. मी ज्युनियर कॉलेजात विज्ञान आणि वाणिज्य दोन्हींकडचं गणित शिकवते, प्रवेश समितीवरही असते. हे दरवर्षी बघते, म्हणून त्या टेबलापाशी येण्याआधी वाचायला हे लिहिलं आहे. सगळं राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीबद्दल आहे. सीबीएसई किंवा आयसीएसईतून दहावी करून इकडे येणाऱ्यांनाही ते लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे बहुतेक सल्ले तिच्यातूनच निघतात. अकरावीत घेतलेलं गणित सोडता येतं, पण न घेतलेलं गणित नंतर घेणं भलतंच अवघड जातं. त्यामुळे जमेल की नाही याची शंका असेल तर घ्यावं, आणि नकोच आहे हे पक्कं असेल तर खुशाल सोडावं. नातेवाईक काय म्हणतील हा प्रश्न यात कुठेच येत नाही.

१. गणितं दोन आहेत, आधी ती ओळखा

राज्य मंडळात "गणित व संख्याशास्त्र" या एकाच नावाचे दोन वेगळे विषय आहेत. कला आणि विज्ञान शाखेसाठीच्या विषयाचा क्रमांक ४०, वाणिज्य शाखेसाठीच्याचा ८८. दोन्हींची पुस्तकं दोन-दोन भागांत आहेत आणि दोन्हींची बारावीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. तरी आत मजकूर बराच वेगळा.

४० मध्ये अकरावीला कोन आणि त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, द्विपद प्रमेय, मग मर्यादा आणि विकलनाची सुरुवात. बारावीला तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, सदिश, रेषा व प्रतल, आणि दुसरा भाग जवळजवळ सगळा कॅल्क्युलस: विकलन, त्याचे उपयोग, संकलन, विकल समीकरणं. शेवटी संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण.

८८ म्हणजे "सोपं गणित" असं कॉमर्सची मुलं एकमेकांना सांगतात. तसं नाही. विकलन, संकलन, विकल समीकरणं यातही आहेत, फक्त त्रिकोणमिती नाही आणि भूमिती नावापुरती, म्हणजे अकरावीत बिंदुपथ आणि सरळ रेषा. त्यांच्या जागी व्यवहाराचं गणित येतं: कमिशन, दलाली, बट्टा, विमा, वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, समाश्रयण. बारावीत "असाइनमेंट प्रॉब्लेम" नावाचा एक धडा आहे. चार कामगार, चार कामं, कोण कुठलं काम किती तासांत करतो याचा तक्ता दिलेला, आणि प्रत्येकाला एकेकच काम अशा रीतीने द्यायचं की एकूण तास कमीत कमी लागावेत. आधी प्रत्येक ओळीतली सगळ्यात लहान संख्या त्या ओळीतून वजा करायची, मग प्रत्येक स्तंभातली त्या स्तंभातून, आणि मग शून्यं शोधायची. दहावीच्या बीजगणिताला घाबरणारी मुलं हा धडा हसत हसत करतात. अंक चोख लिहायची सवय असणाऱ्याला ८८ आवडतं.

कला शाखेच्या मुलांनाही ४० घेता येतं, कारण विषयाच्या नावातच "कला व विज्ञान" आहे. पण कला शाखेत तो विषय देणारी कॉलेजं थोडी. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर हे मुद्दाम शोधा.

२. पुढे कुठे जायचं याची यादी करा, पण दोन रकान्यांत

एक कोरा कागद घ्या. डावीकडे "गणिताशिवाय बंद" आणि उजवीकडे "गणित नसलं तरी चालेल" असं लिहा. तुमच्या डोक्यात असलेले तीन-चार मार्ग त्यात टाका. मदतीला काही ठळक गोष्टी देते.

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, गट पीसीएम. त्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. "फिजिक्स चांगलं आहे, गणित जेमतेम, पण इंजिनिअरिंग करायचंय" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा वाचावा.

बी.आर्क.ला, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीला, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. चित्रकला उत्तम असलेली कितीतरी मुलं हे बारावी झाल्यावर ऐकतात. एनडीएच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं. लष्करी शाखेला बारावी कुठलीही चालते, पण पेपर सगळ्यांना तोच. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षापासून गणित आणि संख्याशास्त्र येतं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला बारावीचं गणित लागतं, आणि दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश परीक्षेत गणित हा विषय द्यावा लागतो.

वैद्यकीयला मात्र गणित नाही. नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र एवढंच. बी.फार्म. आणि कृषी पदवीला पीसीएम किंवा पीसीबी दोन्ही चालतात.

कॉमर्सवाल्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ सीएबद्दल असतो. सीएला बारावीत गणित सक्तीचं नाही, हे खरं. पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर १०० गुणांचा आहे: व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्र. उत्तर चुकलं तर पाव गुण कापला जातो. ज्यांनी ८८ घेतलं होतं त्यांना तो पेपर ओळखीचा वाटतो, ज्यांनी एसपी घेतलं त्यांना बारावीनंतरच्या चार महिन्यांत दोन वर्षांचा अभ्यास करावा लागतो. सीए डोक्यात असेल तर ८८ घ्या, असं मी स्पष्टच सांगते. नुसतं बी.कॉम. करून घरच्या दुकानात बसायचं असेल तर एसपीने काही बिघडत नाही.

बीसीए-बीबीएसाठी राज्यात २०२४ पासून सीईटी सुरू झाली आहे. एखाद्या अभ्यासक्रमाला बारावीचं गणित लागतं का, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं याला अर्थ नाही, नियम बदलत असतात.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन गणितापासून सुटका होईल असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा. डिप्लोमाच्या पहिल्याच सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स असतं.

३. घरी बसून अर्ध्या तासाची परीक्षा द्या

"मॅडम, हिला गणितात ९१ आहेत, सायन्सच देऊ ना?" एका वडिलांनी विचारलं. मुलगी शेजारी उभी होती. मी म्हटलं, "काका, तिला एक गणित घालू का?" ते म्हणाले, "घाला की." तिने दोन ओळींत ते सोडवलं आणि मग म्हणाली, "पण मॅडम, मला कॉमर्सच करायचंय." काका गप्प झाले. गणित येतं म्हणून सायन्स, आणि येत नाही म्हणून कॉमर्स, हे समीकरण घरोघरी पक्कं बसलेलं आहे, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

दहावीच्या निकालातला गणिताचा आकडा तुमची तयारी पूर्ण सांगत नाही. १०० पैकी २० गुण शाळेकडचे असतात, आणि शाळा ते देताना सहसा हात आखडता घेत नाही. उरलेल्या ८० पैकी ४० बीजगणिताचे, ४० भूमितीचे. अकरावीला खरा भार बीजगणितावर येतो. म्हणून सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर शोधून बघा, त्यात किती पडले होते. आणि मग हे पाच प्रश्न मोबाइल लांब ठेवून, कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा:

- ३/४ − २/५ + १/६ किती?
- क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा.
- २क्ष + ३य = १२ आणि क्ष − य = १; क्ष आणि य काढा.
- (२, ३) आणि (५, ९) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ आणि समीकरण लिहा.
- लघुकोन थीटाचा साइन ३/५ आहे. त्याचा कोसाइन आणि टँजंट काढा.

उत्तरं: ३१/६०; (क्ष − २)(क्ष − ३); क्ष = ३, य = २; चढ २, य = २क्ष − १; ४/५ आणि ३/४.

चार-पाच बरोबर आले तर पाया ठीक आहे, ४० किंवा ८८ काहीही झेपेल. दोन-तीन आले तर घाबरू नका, पण प्रवेश होऊन वर्ग सुरू होईपर्यंतचे दिवस सुट्टी समजू नका. पहिलाच अडला असेल, म्हणजे अपूर्णांकाची बेरीज-वजाबाकी, तर पुढचं कुठलंही पुस्तक उघडण्याआधी तेवढं पक्कं करा. अकरावीत नापास होणारी मुलं नव्या कल्पनांवर अडतात असं लोकांना वाटतं. मी पेपर तपासते तेव्हा दिसतं की ती सातवी-आठवीच्या अपूर्णांकांवर आणि अवयवांवर अडलेली असतात.

एक उदाहरण जवळून बघा. अकरावीच्या मर्यादेच्या धड्यात असं गणित येतं: क्ष २ च्या जवळ जाताना (क्ष² − ५क्ष + ६) ÷ (क्ष² − ४) कशाच्या जवळ जातं? थेट २ ठेवलं तर वर शून्य, खाली शून्य. म्हणून अवयव पाडायचे: वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष − २)(क्ष + २). (क्ष − २) दोन्हीकडून गेला, राहिलं (क्ष − ३) ÷ (क्ष + २). आता २ ठेवा: −१/४. यात नवी कल्पना एकच, "जवळ जाणं". बाकी सगळं दहावीचं आहे. पण दरवर्षी वर्गातली काही मुलं वरचा क्ष² आणि खालचा क्ष² एकमेकांत कापतात, उरलेल्यात २ ठेवतात आणि १ असं उत्तर लिहून पुढे जातात. बेरजेतलं एखादं पद असं कापता येत नाही, हे एकदा हाडीमांसी भिनलं की अर्धी अकरावी सोपी होते.

४. पीसीएमबी: कधी घ्यावं, कधी नाही

"सगळे पर्याय खुले राहतात" म्हणून चारही विषय घेण्याचा मोह होतो. माझं मत असं: दहावीच्या सुट्टीपर्यंत खरोखरच ठरलं नसेल तर पीसीएमबी घ्या, पण स्वतःला दिवाळीपर्यंतची मुदत द्या. तोवर जीवशास्त्राची आकृती काढायला आवडतं की गणित सोडवायला, हे कळलेलं असतं. मग एक सोडा. दोन डगरींवर पाय ठेवून बारावीपर्यंत गेलेली मुलं नीट आणि सीईटी दोन्हींत मध्येच लटकतात. काही जणांना दोन्ही जमतं, नाही असं नाही, पण तुम्ही त्यांतले आहात का हे अकरावीची पहिली चाचणीच सांगेल.

जीवशास्त्र नको असलेली पीसीएमची मुलं त्याच्या जागी भूगोल किंवा कॉलेजात जे असेल ते घेतात. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेण्याची पद्धत सर्रास आहे. द्विलक्ष्यी (बायफोकल, म्हणजे शाखेच्या विषयांसोबतचा एक व्यावसायिक विषय) अभ्यासक्रमाचा विचार करत असाल, उदाहरणार्थ कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स, तर तो २०० गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. म्हणजे जीवशास्त्र आपोआप गेलं आणि गणित पक्कं झालं. नीटचा किंचितही विचार असेल तर द्विलक्ष्यीच्या मागे लागू नका.

५. ऑनलाइन अर्जात विषय नसतो, हे लक्षात ठेवा

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात तुमची माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतिक्रम. तिथे तुम्ही कॉलेज आणि शाखा निवडता. गणित, जीवशास्त्र, एसपी, आयटी हे सगळं प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी कॉलेजात ठरतं.

इथेच अनेक जण फसतात. पसंतिक्रमात पहिलं घातलेलं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. आणि तिथे गेल्यावर कळतं की त्या कॉलेजात कॉमर्सला ८८ शिकवतच नाहीत, किंवा शिकवतात पण पुरेशी मुलं जमली तरच तुकडी चालते. म्हणून पसंतिक्रम भरण्याआधी कॉलेजात फोन करा किंवा स्वतः जाऊन या. विचारायचं ते असं:

- कॉमर्सला विषय क्रमांक ८८ आहे का, आणि गेल्या वर्षी तुकडी चालली का?
- सायन्सला गणितासोबत आयटी मिळतं का, की दुसरी भाषा घ्यावीच लागते?
- गणित मराठी-इंग्रजी मिसळून शिकवतात की निव्वळ इंग्रजीतून?
- विषय बदलायचा असेल तर शेवटची मुदत कोणती?
- ही जागा अनुदानित तुकडीतली की विनाअनुदानित? फी किती?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका, एकाच इमारतीत शेजारशेजारच्या दोन तुकड्यांच्या फीमध्ये बराच फरक असू शकतो.

आणखी एक सापळा "इंटिग्रेटेड"चा. कॉलेज फक्त नावाला, शिकवणी बाहेरच्या क्लासात, हजेरीचं बघून घेऊ असं आश्वासन. मी तुम्हाला क्लास लावू नका असं म्हणणार नाही. पण जिथे कॉलेजचे तास होतच नाहीत तिथे प्रात्यक्षिकाची वही, अकरावीची परीक्षा आणि वर्षभर शंका विचारायला माणूस हे तिन्ही हातचं जातं. प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या वेळापत्रकाचा कागद मागा. कागद मिळाला नाही तर समजून घ्या.

६. प्रवेशाच्या दिवशी सोबत काय न्यायचं

कागदपत्रांसाठी प्रत्येक कॉलेजची यादी थोडी वेगळी असते, पण एवढं जवळ असलं की हेलपाटे वाचतात:

- दहावीची गुणपत्रिका (मूळ हातात आली नसेल तर ऑनलाइन निकालाची छापील प्रत)
- शाळा सोडल्याचा दाखला
- प्रवेश प्रक्रियेत मिळालेलं वाटपपत्र आणि भरलेल्या अर्जाची प्रत
- आरक्षणातून असाल तर जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. ईडब्ल्यूएस असाल तर ते प्रमाणपत्र
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, एका संचावर स्वतःची सही

याशिवाय एक चिठ्ठी खिशात ठेवा. तिच्यावर आधीच ठरवलेले विषय आणि त्यांचे क्रमांक लिहा. कॉमर्सच्या फॉर्मवर नुसतं "मॅथ्स" लिहिलं तरी चालतं, पण सायन्सला "मॅथ्स" की "बायो" अशा चौकटी असतात आणि गर्दीत भलतीच चौकट भरली जाते. पावती हातात आली की तिथेच उभं राहून विषय वाचून घ्या. दुरुस्ती त्याच दिवशी पाच मिनिटांत होते, पंधरा दिवसांनी त्यासाठी अर्ज आणि प्राचार्यांची सही लागते.

७. वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

बालभारतीच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. अकरावीच्या गणिताचे दोन्ही भाग उतरवा आणि पहिल्या भागातला पहिला धडा स्वतः वाचा. ४० असेल तर कोन आणि त्याचं मापन, ८८ असेल तर संच आणि संबंध. समजला तर उत्तमच, नाही समजला तरी शब्द कानावर येतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक छोटं काम आत्ताच करावं. दहावीच्या पुस्तकातले शब्द एका वहीत मराठी आणि इंग्रजी असे शेजारीशेजारी लिहून काढा: वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, अंकगणिती श्रेढी म्हणजे ए.पी., चढ म्हणजे स्लोप, स्पर्शिका म्हणजे टँजंट, निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट, संभाव्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी. साठ-सत्तर शब्दांत काम होतं. मराठी माध्यमाची मुलं गणितात मागे पडत नाहीत. पहिले दोन महिने फक्त प्रश्न वाचायला वेळ लागतो, आणि त्या दोन महिन्यांत काही जण गणितच सोडून बसतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना ही अडचण येत नाही.

पुस्तकाव्यतिरिक्त लागतं ते थोडकंच: एक जाड रफ वही, एक फेअर वही, कंपासपेटी, आणि लॉग टेबल. बारावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून अकरावीपासूनच हाताने आकडेमोड करायची सवय ठेवा. मार्गदर्शकं, अपेक्षित प्रश्नसंच आणि "शॉर्टकट"ची पुस्तकं आत्ता विकत घेऊ नका. बारावीच्या दिवाळीनंतर लागलीच तर बघू.

८. अकरावी "आरामाचं वर्ष" नाही

अकरावीचे गुण बोर्डाच्या निकालात येत नाहीत, म्हणून अकरावीला सैल सोडायची परंपराच आहे. गणितात ती महागात पडते. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की बारावीचं विकलन अकरावीच्या मर्यादेवर उभं आहे, संकलन त्रिकोणमितीच्या सूत्रांवर, आणि संभाव्यता वितरण अकरावीच्या क्रमचय-संचयावर. अकरावी सोडून बारावीला थेट क्लास लावणारी मुलं पहिले दोन महिने अकरावीच शिकत असतात.

बारावीच्या ४० च्या पेपरचा साचा आत्ताच ठाऊक असू द्या. विभाग अ मध्ये २० गुण सक्तीचे: २ गुणांचे आठ बहुपर्यायी आणि १ गुणाचे चार प्रश्न. मग २ गुणांच्या १२ पैकी ८, ३ गुणांच्या १२ पैकी ८, आणि ४ गुणांच्या ८ पैकी ५. म्हणजे पर्याय भरपूर आहेत, पण दोन-तीन धडे ऑप्शनला टाकून चालत नाही, कारण विभाग अ सगळ्या पुस्तकावर पसरलेला असतो.

रोजचा नेम म्हणाल तर वर्गात झालेल्या उदाहरणांतली चार, त्याच दिवशी, वही न बघता. चारच. रविवारी बसून चाळीस करणाऱ्यापेक्षा हा विद्यार्थी डिसेंबरात पुढे असतो, हे मी हजेरीपटावर बोट ठेवून दाखवू शकते.

९. निवड चुकली असं वाटलं तर

पहिल्या चाचणीत १०-१२ गुण पडले की लगेच विषय बदलायचा अर्ज घेऊन येऊ नका. पहिली चाचणी बहुतेकांना तशीच जाते. दुसरी चाचणी, आणि तोवर प्रामाणिक प्रयत्न, हे दोन्ही झाल्यावर ठरवा. बदलायचंच असेल तर कॉलेजच्या मुदतीत, पालकांच्या सहीने, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्यावा लागतो: सध्याचे विषय, हवे असलेले विषय आणि कारण. नव्या विषयाचा राहिलेला भाग कोण शिकवणार, हे त्या विषयाच्या शिक्षकांना अर्जाआधी भेटून विचारा. बारावीचा बोर्डाचा परीक्षा अर्ज भरला गेला की मग विषयाला हात लावणं जवळपास बंद होतं.

पीसीबी घेऊन बारावी झाली आणि मग इंजिनिअरिंगची ओढ लागली, असंही होतं. अशांसाठी बोर्डात "तुरळक विषय" म्हणून फक्त गणिताची परीक्षा देण्याची सोय आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी ज्युनियर कॉलेजमार्फत अर्ज भरून ४० क्रमांकाचा एकच पेपर देऊ शकतो. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन वर्षांचं गणित वर्गाशिवाय, एकट्याने, एका वर्षात, आणि सोबत सीईटीची तयारी. ज्यांनी ते केलं त्यांचं मला कौतुक आहे. मात्र अर्ज भरण्याआधी ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्या माहितीपुस्तिकेत असा स्वतंत्रपणे उत्तीर्ण केलेला विषय पात्रतेसाठी धरतात का, हे लेखी बघून घ्या.

उलट बाजूही आहे. सायन्सला गणित घेऊन बारावी झालेल्याला पुढे कॉमर्सला, कलेला, कायद्याला, कुठेही जाता येतं आणि गणित कुणी परत मागत नाही. कॉमर्सला ८८ घेतलेल्याला मात्र इंजिनिअरिंगचं दार उघडत नाही, कारण भौतिकशास्त्र नाही. दोन्ही गणितं कॅल्क्युलस शिकवतात, पण प्रवेशाच्या दृष्टीने ४० आणि ८८ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फॉर्म भरताना क्रमांक बघा, नाव नाही.